धाप सांगतात, झोपेचं कोणी सांगत नाही

छातीच्या ओपीडीत येणारा पेशंट धाप, खोकला, कफ एवढंच सांगतो. झोप कशी हाय विचारलं की म्हणतो झकास, पडलो की लागते, आणि शेजारी बसलेल्या काकू लगेच म्हणतात, "कसली झकास ओ डॉक्टर, घर दणाणतंय घोरण्यानं, मधेच श्वासच थांबतोय, मी उठून हलवते तवा परत चालू." मला नेमकं हेच ऐकायचं असतं, कारण पेशंटला स्वतःला यातलं काहीच माहीत नसतं.

कोल्हापुरात हे जास्त डोक्यात ठेवावं लागतं असं माझं मत आहे. एकीकडं गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालण्यात आयुष्य गेलेली माणसं आणि चुलीपुढं बसलेल्या आज्ज्या, ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही तरी फुंकायच्या टेस्टमध्ये सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार, निघतो. दुसरीकडं जुने पैलवान, तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, मानेचा घेर 17 इंचाच्या वर, आणि घरात त्या मानेचं कौतुकच. अशा माणसाला झोपेत घसा बंद पडण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, असण्याची शक्यता बरीच असते.

दोन्ही एकाच माणसात आलं की खरी कसरत. 1985 साली डेव्हिड फ्लेनली या छातीच्या डॉक्टरांनी याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हटलं. नुसता ॲप्निया असेल तर श्वास परत सुरू झाला की ऑक्सिजन पुन्हा जागेवर येतो, पण फुफ्फुसच खराब असेल तर तो मुळातच कमी असतो, आणखी खाली जातो आणि नीट वर येतच नाही. रात्रभर हे चालतं, मग पाय सुजतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, आणि आपण दिवसा तोंडात ओढायचे औषधाचे पंप बदलत बसतो.

सगळ्यात जास्त काळजी मला घरच्या ऑक्सिजनची वाटते. पोरं जीवापाड करतात, मशीन आणतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात, 90 दिसलं की घाबरून लिटर वाढवतात. अहो, सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटला 88 ते 92 पुरेसं असतं, जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो बोटावरच्या मशीनवर दिसत नाही, त्यासाठी मनगटातल्या धमनीतलं रक्त तपासावं लागतं. सकाळी डोकं जड, बोलता बोलता झापड, आणि घरचे म्हणतात आबांना आता बरी झोप लागायला लागली! ती झोप नाही, ताबडतोब दवाखान्यात आणायचं. अशांना बरेचदा बायपॅप, म्हणजे मास्कमधनं श्वासाला जोर देणारं मशीन, लागतं. आणि हो, मेडिकलमधनं झोपेची गोळी परस्पर आणून देऊ नका, श्वास आणखी मंदावतो.

ॲप्नियासाठीचं सीपॅप, म्हणजे मास्कमधनं हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, 1981 मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी आणलं, काम उत्तम करतं, पण लावलं तर. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, भरघोस मिशीतनं हवा गळते, लाईट जाते, पाहुणे आले की लाज वाटते. रात्री किमान 4 तास तरी वापर व्हावा असं धरतात, खरं तर झोपेचा सगळा वेळ हवा. मास्कचा साईज बदलणं, हवा दमट करणारी टाकी जोडणं, यानं खूप फरक पडतो, म्हणून मशीन कपाटात ठेवण्याआधी एकदा दाखवायला तरी या. रात्री उसाचा ट्रॅक्टर चालवणारे मात्र झापडीचं लपवतात, काम जाईल म्हणून, त्यांच्याशी फार सांभाळून बोलावं लागतं, ओरडून उपयोग नाही.

तेवढं एक करा, घरातलं माणूस घोरत असेल तर मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती-पोट दिसेल असा, आणि येताना शेजारी झोपणाऱ्यालाही घेऊन या.