चौदा रुपये

'शाळेची एखादी सुंदर आठवण लिहून द्या' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आधी मी नाहीच म्हणालो. आमच्या १९७९ च्या बॅचमध्ये सुंदर आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. स्नेहसंमेलनातली नाटकं, मधल्या सुट्टीत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत पळत जाऊन यायची पैज, राजवाड्यासमोरची भेळ, हे सगळं त्यांच्याकडून येईलच. माझ्याकडची आठवण सुंदर नाही. पण आहे ती शाळेतलीच, आणि ज्यांची आहे त्यांच्या मुलाला विचारूनच लिहितो आहे.

मी आठवीत होतो, वर्गाचा मॉनिटर. १९७६ सालचा डिसेंबर. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. सातारा जिल्ह्यात ज्याच्या घरचं कोणी पलटणीत नाही असा माणूस शोधावा लागतो, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसाला वजन असायचं. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन रंगांचे कागदी झेंडे आम्ही टाचणीनं लोकांच्या खिशाला लावायचो आणि डबा पुढे करायचो. मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत फिरून आलो. संध्याकाळी सरांनी पैसे मोजले, आकडा चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवला आणि डबा शिपाईमामांच्या ताब्यात दिला.

त्याच महिन्यात प्रतापगडची सहल होती. वीस रुपये भरायचे होते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांनी सहा दिले आणि 'बाकीचं बघू' म्हणाले. आमच्या घरी 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. जिन्याखालच्या खोलीपुढे मामांनी शेकोटी केली होती. जळका कोळसा, पालापाचोळा, तुटक्या बाकाची एक फळी. मला म्हणाले, 'शेक हात,' आणि पाणी भरायला गेले. डबा आत खिडकीत होता. डबा उलटा धरून चिरेत फूटपट्टी घातली की नाणी पट्टीवरून घसरत येतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. आठ आण्यांची अठ्ठावीस नाणी. वाजू नयेत म्हणून रुमालात गुंडाळली. मामा घागर घेऊन परत आले तेव्हा मी शेकोटीपाशीच होतो, आणि हात खरोखरच गार पडले होते.

अकरा वाजता पैसे पुन्हा मोजले गेले. चौदा रुपये कमी. सरांनी मला तिथंच, त्या विझत आलेल्या शेकोटीजवळ विचारलं, 'तू सकाळी होतास ना? कोणी आलेलं दिसलं?' मी म्हणालो, 'नाही सर. मला काही माहीत नाही.' मी मामांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. डबा त्यांच्या ताब्यात होता. त्यांच्या पगारातून दोन महिने सात-सात रुपये कापले गेले.

प्रतापगड पाहिला. काय पाहिलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

आमचं घर ख्रिस्ती. पापाची क्षमा हा विषय आम्हाला नवीन नव्हता. दर रविवारी तोच. म्हणजे औषधाच्या दुकानात राहून आजारी पडण्यातला प्रकार. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट मला तोंडपाठ होती: येशूला पकडून नेल्यावर महायाजकाच्या वाड्यात थंडीत कोळशाच्या विस्तवापाशी हात शेकत बसलेला पेत्र, आणि 'तू त्याच्याबरोबर होतास ना?' असं विचारल्यावर 'मी त्या माणसाला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणारा. शब्बाथशाळेत ही गोष्ट आली की मी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसायचो.

त्याच वर्षी मराठीच्या तासाला सरांनी तुकोबांची गोष्ट सांगितली. दुष्काळानंतर तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत सोडली. सर फार छान सांगायचे. खतं भिजताना शाई कशी पसरली असेल, हेसुद्धा सांगितलं. घरी आजोबांना सांगितल्यावर त्यांना टिळक आठवले. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ च्या सुमारास साताऱ्यात येऊन राहिले आणि इथं त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक म्हणायचे. आजोबा म्हणाले, 'आपल्या प्रार्थनेत काय म्हणतोस रोज? पापं माफ कर म्हणतोस का? नाही. ऋणं सोड म्हणतोस.' खरंच की. जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड. मराठीत ती प्रार्थना सावकार आणि कुळाची आहे.

मला त्यातून भलतंच सुचलं. आपणही आपलं खत बुडवावं. पुढं नोकरी लागल्यावर दर ७ डिसेंबरला मी झेंड्याच्या डब्यात जरा जास्तच पैसे टाकू लागलो. आधी दहा, मग पन्नास, मग शंभर. कितीही टाकले तरी डब्याची चीर दिसली की पट्टी आठवायची. खत बुडवायचा अधिकार सावकाराचा असतो, हे ध्यानात यायला फार वर्षं गेली. कुळानं रात्री जाऊन कागद नदीत टाकला तर त्याला कर्जमाफी म्हणत नाहीत.

२००३ मध्ये, वयाची चाळिशी गाठल्यावर, मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं. कारण साधंच होतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे पुढे जाऊन भाकर-द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी मी काहीतरी निमित्त काढून मागं बसतो, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी बायबलमधलं, योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन काढलं: आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. 'पदरी घेणं' हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. आम्ही प्रार्थना केली. मी रडलो, हेही लिहून टाकतो.

महिनाभरानं पुन्हा त्यांच्या दारात. 'साहेब, जात नाही.'

ते जरा वैतागलेच. म्हणाले, 'येशूला धरून देणाऱ्या यहुदालाही पश्चात्ताप झाला होता. तीस रुपये मंदिरात फेकून आला. त्यानं पैसे परत केले, पण तो स्वतः परत आला नाही. पेत्र परत आला. तळ्याच्या काठी येशूनं काय पेटवलं होतं, सांग?' मला येत होतं. कोळशाचा विस्तव, वर मासळी आणि भाकर. 'त्याच विस्तवापाशी त्याला बसवलं, जेवू घातलं आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. देवानं तुझं मूळ खत बुडवलं रे बाबा. तू नक्कल काढून ठेवलीस आणि रोज वाचतोस.' मग चहा घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं, 'त्या मामांकडे गेलास का?'

इथं मी गप्प. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे: वेदीपाशी दान तसंच ठेव, आधी भावाकडे जा. देवाकडे जाणं मला त्या मानानं सोपं गेलं होतं. देव परळी खोऱ्यात राहत नव्हता.

त्यानंतरही मी अकरा वर्षं लावली. बदल्या, मुलांची शिक्षणं, ही कारणं सगळ्यांकडे असतात.

२०१४ च्या मे महिन्यात गेलो. सज्जनगडाच्या अलीकडे आत वळलं की मामांचं गाव. उरमोडी धरणाचं पाणी उन्हानं खाली गेलं होतं. मामा ओट्यावर बसले होते, पंचाहत्तरी उलटलेले, एका डोळ्याला दिसत नव्हतं. 'कुणाचा रं तू?' मी ओळख दिली. शाळा म्हटल्यावर खुलले. पाण्याकडे बोट करून म्हणाले, 'त्यो बांध दिसतोय का? आमचा हाय. पावसाळ्यात बुडतो, उन्हाळ्यात वर येतो.' मी तिकडे बघत राहिलो. मीखाच्या पुस्तकात देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो. पाळकसाहेबांना एक बारीक प्रश्न विचारायचा राहिलाय, समुद्राचं पाणी ओसरत नाही ना?

मी सगळं सांगितलं. डबा, पट्टी, अठ्ठावीस नाणी. मामा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, 'न्हाई बा. पगार कापलेला खरा. पर त्यो घंटा फुटली तवा. तू घंटा फोडलीस व्हय?'

त्यांना काही आठवत नव्हतं. मी अडतीस वर्षं जे वाहिलं, ते त्यांच्याकडे जमाच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट पोटात खड्डा पडला.

आतून मामी आल्या. चुलीपुढून उठून, हातात फुंकणी तशीच. 'मला हाय ध्यानात,' म्हणाल्या. 'चौदा रुपय. त्या साली थोरलीला पालीच्या जत्रंला न्ह्याचं कबूल केलेलं. न्हेली न्हाई. लई रडली.'

मी घरून पाच हजारांचं पाकीट आणलं होतं. मामींनी ते हातानंच मागं सारलं. 'चौदा म्हणलास न्हवं? मग चौदाच.' माझ्याकडे नेमके सुटे नव्हते. दहाच्या दोन नोटा निघाल्या. त्या त्यांनी उजेडाला धरून बघितल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि दुसरी गाठ सोडून मला सहा रुपये परत दिले. दोनाची तीन नाणी, एकेक हातावर ठेवून. 'फिटलं,' म्हणाल्या. 'आता त्यापायी यायचं न्हाई. यायचं तर जेवाय ये.'

मग चुलीपाशी पाट मांडला. मामा अजून घंटेबद्दलच बोलत होते.

मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी चार वेळा गेलो. दोनदा जेवलो. एकदा पिठलं-भाकरी होती, एकदा नदीची मासळी.