आजीच्या माईची एकदाणी

आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय की आजीच्या बापाने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, शंकरपटाच्या नादात घर बुडवलं. बैलांच्या शर्यतीचा भारी शौक, पांढरीशुभ्र जोडी, आणि त्या नादात पणजीची एकदाणी (सोन्याच्या मण्यांचा गळ्यातला दागिना) आणि पाटल्या मोडल्या आणि नऊ एकर वावर सावकाराकडे गहाण पडलं. लग्नकार्यात कोणी जरा जास्त खर्च केला की मोठ्यांचं ठरलेलं वाक्य, "बुढ्यावर गेला वाटते."

काही वर्षांपूर्वी बाबांच्या मामेभावाने जुनी लोखंडी पेटी साफ करताना त्यातल्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. अर्धे मोडीत. ते वाचून घेतले तर बैलांचं कुठे नावच नाही! पहिला कागद 1925 चा, मोठ्या मुलीच्या लग्नासाठी 600 रुपये, वावर तारण. मग व्याज, मग व्याजावर नवा कागद, आणि 1931 मध्ये आकडा साडेनऊशेच्या वर.

आता गाव अमरावती जिल्ह्यातलं, दर्यापूरकडचं, खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी इतकं खारट की 1930 साली जवळच्या दहीहंड्यात लोकांनी विहिरीच्या पाण्यापासूनच मीठ काढून सत्याग्रह केला. समुद्र नाही तर नाही. तर तिथे वरच्या पाण्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी, बाकी काही नाही. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ते या कापसामुळे, अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला 'उमरा' म्हणायचे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं भाव चांगला होता, म्हणून तर लोकांनी लग्नं मोठी केली आणि सावकारानेही हात सैल सोडला. कर्ज काढून लग्न करू नका म्हणून गाडगेबाबा कीर्तनात लोकांना अक्षरशः झापायचे. त्यांनी ते लहानपणी घरातच बघितलेलं, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला त्यांच्या मामाचं शेत सावकाराच्या घशात गेलं होतं. पण ऐकतंय कोण, भाव होता ना!

आणि मग भाव गेला. मला आधी वाटायचं दुष्काळ वगैरे पडला असेल. तसं काही नाही, कापूस पिकत होता, बंड्या (बैलगाड्या) भरून सरकी काढायला जिनात जात होता, फक्त 1926 पासून दर घसरत गेला आणि 1929 च्या मंदीनंतर निम्म्याच्याही खाली आला. म्हणजे ज्या कर्जाला एक बंडी कापूस पुरला असता त्याच कर्जाला आता दोन बंड्या, तेही व्याज सोडून. शेतसारा रोख, तीस वर्षांच्या बंदोबस्तात ठरलेला, त्याला कापसाच्या भावाशी काही घेणंदेणं नाही.

यात एक गोष्ट मला वाचताना फार लागली, ती म्हणजे रुपयाचा दर. युद्धाआधी रुपया 16 ब्रिटिश पेन्सचा होता, सरकारने 1927 मध्ये तो 18 वर पक्का केला. ऐकायला छान, रुपया मजबूत. पण कापूस विकला जायचा बाहेर. एका पौंडाला आधी 15 रुपये मिळायचे ते आता 13 रुपये 5 आणे 4 पै. व्यापारी लोकांनी तेव्हा खूप ओरड केली. पण दर्यापूरच्या शेतकऱ्याला कोण सांगणार होतं की तुझ्या कापसातला दीड-पावणेदोन रुपया असा गेला? त्याला दिसणार अडत्या आणि त्याचा काटा.

सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि सोन्याचा भाव चढायला लागला. 1927 च्या कायद्यात तोळा 21 रुपये 3 आणे 10 पै होता, पुढच्या काही वर्षांत तिशीच्या वर गेला. इतर सगळं स्वस्त आणि सोनं एकटं महाग, मग घरातलं काय विकणार? देशभर खेड्याखेड्यातून दागिने बाहेर पडले, दहा वर्षांत तीनशे कोटींच्या वर सोनं मुंबईहून बोटीत बसून इंग्लंडकडे गेलं, आणि पणजीची एकदाणी आटून त्यातच कुठेतरी असणार. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

आजी तेव्हा पाच वर्षांची. तिला सोनाराच्या दुकानातली चिमटीएवढी गुंज आठवत होती आणि येताना आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, घरापर्यंत मागे केलाच नाही, हेही.

1933 मध्ये अजून एक दणका. सरकारने ब्रिटन सोडून बाहेरच्या कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली म्हणून जपानने हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला, आणि आपला आखूड धाग्याचा कापूस घेणारं मोठं गिऱ्हाईक तर तेच! 1934 च्या सुरुवातीला करार झाला, जपानने 15 लाख गाठी घ्यायच्या आणि 40 कोटी यार्ड कापड इकडे विकायचं. आमच्या पेटीतल्या कागदावर त्या वर्षी फक्त "व्याज येणे" असं दोनदा लिहिलंय.

वावर वाचलं ते कर्ज लवाद कायद्यामुळे, 1933 चा मध्य प्रांताचा कायदा, इकडे लोक त्याचं श्रेय पंजाबराव देशमुखांना देतात. बोर्डापुढे सावकार आणि कर्जदाराला समोरासमोर बसवायचे, रक्कम खाली आणायचे आणि हप्ते बांधून द्यायचे. पणजोबांचे साडेपाचशे ठरले. शेवटची पावती 1943 ची, दुसऱ्या युद्धात भाव वर आल्यावरची.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगितलं, पौंड, पेन्स, जपान. ती तेव्हा नव्वदीची, खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थे पेन्स-फिन्स मले काही समजत नाही रे बापा. पण बैलाची जोडी त्यानं आंधीच विकली होती. एकदाणी मंग मोडली."

"मग हे तू आधी का नाही बोललीस कोणाला?"

"मले कोणी इचारलंच नाही," म्हणाली, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.