रोही कोणाचा?

चौथीच्या पोरांना दुसऱ्याची बाजू समजावायची तर नुसत्या पुस्तकानं काही होत नाही बा, म्हणून यावेळी माझा मोबाईलच दिला त्यांच्या हातात. विषय गावातलाच, रोही, म्हणजे नीलगाय. एका गटानं शेतकऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून आणायचा, दुसऱ्यानं वनरक्षकाचा.

शेतकरी निघाला वर्गातल्याच एका पोरीचा आजा. "रातभर मचाणावर जागलो, पहाटे डोया लागला अन् तुरीचे शेंडे साफ." वनरक्षक म्हणे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, असं मारता येत नाही, पंचनामा करा, भरपाई मागा, अन् तेही जनावर आहे, पोटासाठीच येते.

दोन्ही क्लिपा स्मार्ट टीव्हीवर लावणार तेवढ्यात लाईन गेली (आमच्याकडं नेहमीचंच), मग मोबाईल स्टीलच्या डब्यात उभा केला, मस्त आवाज येतो!

फळ्यावर दोन रकाने पाडले, कुठं पटते, कुठं नाही. पटणारी गोष्ट एकच निघाली, रोही उपाशी आहे. मला हे सुचलंच नसतं.

ती नात मात्र गप्पच होती. मग म्हणाली, "सर, मले दोघंयचं खरं वाटते, पण तूर तं आमचीच गेली ना."