मलबारची कॉफी आणि अ‍ॅमस्टरडॅमचे विट्सेनसाहेब

वेंगुर्ल्याची डच वखार आता पडायला आलीय, पण ती ज्या कंपनीची होती त्या व्हीओसीचे, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीचे, तिकडे बसलेले मालकलोक कसे असतील याचं मला भारी कुतूहल. त्यातला एक निकोलास विट्सेन, जन्म 1641.

वडील अ‍ॅमस्टरडॅमचे बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा, फक्त तिथे एकाच वेळी चौघे असायचे आणि तेही मोजक्या श्रीमंत घराण्यांतले, सामान्य लोकांचं मतदान वगैरे भानगडच नाही. हा पठ्ठ्या 1682 ते 1706 मधे 13 वेळा त्या खुर्चीत बसला, शिवाय 1693 पासून कंपनीचा डायरेक्टर. तरुणपणी एकदा मॉस्कोला जाऊन आलेला, तेवढ्या ओळखींवर आयुष्यभर पत्रं लिहून माहिती गोळा केली आणि सायबेरियात पाय न ठेवता सायबेरियाचा नकाशा काढला! जहाजबांधणीवर जाडजूड पुस्तक पण याचंच, म्हणून 1697 ला रशियाचा झार पीटर जहाजं बांधायला शिकायला आला तेव्हा त्याला कंपनीच्या गोदीत कामाला लावायची सोय यानेच केली.

पण आपल्या बाजूची गोष्ट कॉफीची. तेव्हा कॉफी घ्यायची तर येमेनच्या मोखा बंदरात जा आणि तिथले व्यापारी सांगतील तो भाव द्या. विट्सेन मागे लागला की जावात लावून बघा ना. 1696 ला मलबारहून रोपं जावातल्या बटाव्हियाला (आजचं जकार्ता) गेली, ती टिकली नाहीत, 1699 ला परत पाठवली आणि ती जगली. 1706 ला त्यातलं एक झाड अ‍ॅमस्टरडॅमच्या बोटॅनिकल गार्डनमधे पोचलं, 1714 ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईला पण एक गिफ्ट दिलं. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधे डचांचे कॉफीचे मळे उभे राहिले ते गुलामांच्या जिवावर, आणि जावात पीक वाढलं तसे कंपनीनेच खरेदीचे भाव पाडले. म्हणजे मोख्याच्या व्यापाऱ्यांची दादागिरी नको होती, स्वतःची चालत होती.

आणि हेच साहेब 1712 ला एका विद्वान मित्राला पत्रात हळहळ व्यक्त करतात की आपली माणसं तिकडे फक्त पैसा शोधतात, ज्ञान नाही. खोटं बोलत नसावा, त्याला खरंच ज्ञानाचं वेड होतं. पण अरे बाबा, तिकडे माणसं कशासाठी पाठवायची हे ठरवणाऱ्या लोकांत 19 वर्षं तूच बसलायस की!