टीएसएच नॉर्मल, आणि तरीही

बाळंतपणात रक्तस्राव खूप झाला, रक्त चढवावं लागलं. बाळ सुखरूप, मीही वाचले. त्या आनंदात अंगावर दूध आलंच नाही याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 'होतं एखादीला असं.' पाळीही परत आली नाही. मग हळूहळू बाकीचं सुरू झालं: सतत थकवा, सगळे घामाघूम असताना मला थंडी, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, काखेतले केस विरळ होत गेलेले.

प्रत्येक वेळी थायरॉइड तपासायचे, म्हणजे फक्त टीएसएच, थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन. ते नॉर्मल. मग रक्तवाढीच्या गोळ्या, मग नैराश्याच्या. रिपोर्ट चांगला आला की वाईट वाटायचं, हे कुणाला सांगणार?

पुढे उलट्या-जुलाबांचं साधं निमित्त झालं आणि मी जवळजवळ बेशुद्धच झाले. सोडियम फार खाली, बीपी सलाईनलाही दाद देईना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले: "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? दूध आलं होतं का?" उत्तरं ऐकून त्यांनी कॉर्टिसोलसाठी (आजारपणात शरीराला सावरणारं हॉर्मोन) रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच्या जागी चालणारं स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिझोन, दिलं. काही तासांतच मी ताळ्यावर आले.

आजाराचं नाव शीहान सिंड्रोम. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम सोडणारी पिट्युटरी ग्रंथी मोठी होते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. अशात रक्त जाऊन बीपी कोसळलं की ग्रंथीचा भाग मरतो. याच ग्रंथीतला ट्यूमर, तिथली शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा डोक्याला जबर मार, यांनीही हॉर्मोन्स अशीच कमी पडतात. म्हणजे शीहान बाळंतिणींचा असला, तरी पिट्युटरीची ही कमतरता फक्त बायकांचा आजार नाही.

टीएसएचचं कोडं तेव्हा सुटलं. ते पिट्युटरीतूनच येतं. थायरॉइड स्वतः मंदावली तर ते वाढतं. इथे हुकूम सोडणारीच लुळी पडलेली, मग ते वाढणार कसं? माझं फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, तपासलं तर बरंच कमी निघालं.

बरी झाल्यावर रीतसर तपासणी झाली. सकाळी हातात सुई बसवून आधी रक्त घेतलं, मग एसीटीएचचं (कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने आणि तासाने पुन्हा रक्त. कॉर्टिसोल जेमतेम हललं. बिघाड ताजा असेल तर ही तपासणी फसवी नॉर्मल येऊ शकते म्हणे. माझा चांगलाच मुरलेला होता. एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा जवळपास रिकामी दिसली.

गोळ्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा. आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर उरलंसुरलं कॉर्टिसोलही झपाट्याने संपतं आणि जिवावर बेततं. इतकी वर्षं मला थायरॉइडची गोळी कुणी सुरू केली नाही, हे एका अर्थी बरंच झालं!

आता डोस टीएसएचवर नाही, फ्री टी-४ वर ठरतो. चिठ्ठीवर नुसतं टीएसएच लिहिलेलं दिसलं की मी तिथेच विचारते. ताप आला तर स्टेरॉइड दुप्पट, उलट्यांमुळे गोळी टिकली नाही तर इंजेक्शन. ते कसं द्यायचं हे नवऱ्यानेही शिकून घेतलंय.