तेल्च: एका चौकासाठी एक मुक्काम

प्राग बघून दोन दिवस उरले होते, म्हणून आम्ही चेक प्रजासत्ताकातलंच तेल्च हे छोटं गाव गाठलं. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. रेल्वेने गेलं तर वाटेत गाडी बदलावी लागते, त्यापेक्षा बस बरी. स्टँडपासून चौक चालत दहा मिनिटांवर आहे. पण सगळा रस्ता दगडी फरसबंदीचा, त्यामुळे चाकांच्या बॅगेचे हाल होतात.

आम्ही पोचलो नेमके सोमवारी, आणि राजवाडा बंद! सोमवार टाळा. हिवाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा.

चौक लांबट, एका टोकाला राजवाडा. १५३० च्या आगीत इथली घरं जळाली. पुढे गावाचा जहागीरदार झखारियाश याने इटालियन कारागिरांकडून राजवाडा नव्या धाटणीचा करून घेतला, आणि गावकऱ्यांनीही आपापल्या घरांना तसेच दर्शनी भाग चढवले. खाली कमानींच्या ओवऱ्या, वर फिकट गुलाबी, पिस्ता, पिवळ्या भिंती. ६१ नंबरच्या घरापुढे मात्र जरा थांबा. तिथली चित्रं रंगवलेली नाहीत, कोरलेली आहेत. गडद गिलाव्यावर पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडायचा. जवळ गेलं की खरवडलेल्या रेषांची खोली दिसते.

मग मागच्या तळ्याकाठी जा. पुढून एवढी नटलेली घरं मागून अगदी साधी, उतरत्या छपरांची! पुढची नक्षीदार शिखरं म्हणजे नुसता मुखवटा. मला तर ही मागची बाजूच जास्त आवडली. तळी गावाला तिन्ही बाजूंनी वेढतात. पूर्वी संरक्षण आणि माशांची पैदास, दोन्ही त्यांच्यावरच.

दुसऱ्या दिवशी राजवाडा झाला. आत गाइडबरोबरच सोडतात आणि तो बहुधा चेकमध्ये बोलतो, तेव्हा तिकीट घेताना इंग्रजी माहितीचा कागद मागून घ्या. सोनेरी दालनात मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो, सगळं लाकडी छत कोरीव आणि सोन्याने मढवलेलं.

शाकाहारी लोकांनी ‘बेझ मसा’ म्हणायला शिकावं, म्हणजे ‘मांसाशिवाय’. आमच्या हिला मात्र दर वेळी ‘मासा’च ऐकू यायचा. तळलेलं चीज आणि बटाटे जवळपास सगळीकडे मिळतात, पण दोन जेवणांनंतर कंटाळा येतो. लोणच्याची बाटली बरोबर ठेवा.

१९९२ पासून गाव युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे दिवसा सहलीच्या बसेस येतात. संध्याकाळी त्या परतल्या की चौकात कारंज्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. मुक्काम चौकातच करा, खोली लहान मिळाली तरी चालेल.