पुढची साथ कधी, असं तुम्ही विचारलंत म्हणून

जून लागला की प्रश्न सुरू होतो. लिफ्टमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत. "तुम्हाला तर आधीच कळत असेल ना, यंदा डेंग्यू किती ते? मग सांगत का नाही?" यात थोडं कुतूहल असतं आणि थोडा आरोप. २०२१ नंतर आरोप वाढलाय, आणि तो उगाच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने गणिती मॉडेलच्या आधारे सांगितलं होतं की नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ अखेर कोविडची साथ जवळपास आटोपलेली असेल. एप्रिल-मेमध्ये काय झालं ते ठाण्यात कुणाला सांगायला नको. "ते मॉडेल आमचं नव्हतं" हे मी बरेच दिवस उत्तर म्हणून वापरलं. ते उत्तर नव्हतं, अंग काढून घेणं होतं.

तर एकदाचं नीट सांगते. पुढचा महिना राहू द्या, सोमवारी सकाळी मला मागचा आठवडासुद्धा माहीत नसतो. साथीचा अंदाज बांधणाऱ्या गटात संशोधन सहाय्यक म्हणून माझा बहुतेक वेळ घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज बांधण्यात जातो.

घणसोलीत राहणारा आणि वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा एक माणूस धरा. सोमवारी ताप आला. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. बुधवारी फॅमिली डॉक्टर, सीबीसी, प्लेटलेट जरा कमी. गुरुवारी कारखान्याजवळच्या लॅबमध्ये रॅपिड कार्ड, म्हणजे झटपट चाचणी, पॉझिटिव्ह. पण सरकारी निकषात कार्डावरचा डेंग्यू हा संभाव्य डेंग्यू. पक्का ठरायला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी हवी: पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं). नमुना सेंटिनल लॅबला, म्हणजे या चाचणीसाठी सरकारने नेमलेल्या प्रयोगशाळेला, गेला. एलायझाची प्लेट ९६ खाचांची असते, चार नमुन्यांसाठी ती कुणी लावत नाही. नमुने साठतात, मग प्लेट लागते. निकाल फॉर्मवर, फॉर्म टेबलावर, टेबलावरून पोर्टलवर. सोमवारचा ताप माझ्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे ओळीला एक रुग्ण अशा यादीत, उगवेपर्यंत कधी एक आठवडा, कधी तीन.

आणि उगवतो तो कुठल्या शहरात? तपासणी ठाण्यात, पत्ता नवी मुंबईतला. नोंद घणसोलीकडे वर्ग होते, तिथे घरोघर पिंपं तपासली जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मात्र दिवसा चावतो, आणि हा माणूस दिवसभर वागळे इस्टेटमध्ये असतो. त्याला डास कुठे चावला, हा रकाना फॉर्मवर नाहीच.

ही यादी हातात आल्यावरचं काम ऐकायला कुणी थांबत नाही, तरी सांगते. कोपरखैरणे, कोपर खैरणे, के. खैरणे, सेक्टर नंबर आहे पण नोड (नवी मुंबईतला विभाग) नाही, "स्टेशनसमोर" एवढंच. एकच रुग्ण दोन लॅबमधून दोनदा, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा वडिलांच्या. ताप सुरू झाल्याची तारीख रिकामी, किंवा तिथे तपासणीचीच तारीख उतरवलेली. सगळ्यात वाईट म्हणजे संगणकाची सेटिंग अमेरिकन असली की ०५/०८ ही पाच ऑगस्ट गुपचूप आठ मे होते. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे दिवस असे उलटतात आणि तेराव्यापासूनचे तारीखच राहत नाहीत, मजकूर होतात. ओळखायची खूण सोपी आहे: सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख म्हणजे तारीख नव्हे. उन्हाळ्यात डेंग्यूचे पाच-दहा रुग्ण विखरून दिसले की मी आधी डासांवर नाही, एक्सेलवर संशय घेते. हसू नका. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण नोंदीतून गळले होते, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते.

आता माझा अंदाज चुकला तो गणपतीचा आठवडा. खरे आकडे इथे मांडता येणार नाहीत, म्हणून गोल आकडे घेते. घोटाळा हुबेहूब तोच.

मागच्या नोंदींवरून बसवलेला हिशेब असा धरा: ताप आला त्याच आठवड्यात शंभरातले ४० रुग्ण नोंदले जातात, पुढच्या आठवड्याअखेर ७५, त्याच्या पुढच्या अखेर ९०, आणि आणखी एका आठवड्याने सगळे. एका प्रभागात साथ वाढत होती. चार आठवड्यांचे खरे रुग्ण ६०, ७०, ८०, ९०. चौथा आठवडा संपताना यादी उघडली तर एरवी दिसले असते ६०, ६३, ६०, ३६. नुसतं बघणाऱ्याला वाटेल साथ उतरली. ती उतरलेली नाही, कागद वाटेत आहेत. म्हणून ६३ ला ०.९ ने, ६० ला ०.७५ ने, ३६ ला ०.४ ने भागायचं, की परत ७०, ८०, ९० मिळतात. याला आम्ही नाऊकास्ट म्हणतो. प्रत्यक्षात भागाकाराच्या जागी बेझियन (शक्यतांचा हिशेब करणारं) मॉडेल चालतं आणि प्रत्येक आकड्याभोवती "खरा आकडा इथून इथपर्यंत असेल" असा पट्टा येतो, पण गाभा हाच. एवढं मला येत होतं, आणि येतं याचा थोडा तोराही होता.

चौथ्या आठवड्यात गणपती आले. नोंद करणारे कोकणात. खासगी लॅबमधून फॉर्म गोळा करणारा माणूसही गावी. त्या सात दिवसांत एरवीच्या पाचातल्या दोनच नोंदी झाल्या.

मेख इथे आहे. सुट्टीत फक्त त्या आठवड्याचेच रुग्ण कमी नोंदले जात नाहीत. चौथ्या आठवड्याचे ३६ यायचे ते १४ आले, हे कुणालाही कळेल. पण तिसऱ्या आठवड्याचे मागे राहिलेले २८ त्याच सात दिवसांत यायचे होते, ते ११ आले. दुसऱ्याचे ११ यायचे ते ४, पहिल्याचे ६ यायचे ते २. कागदावर तक्ता काढून बघा: वरून खाली ताप आल्याचे आठवडे, डावीकडून उजवीकडे नोंदीला लागलेले आठवडे. सुट्टीचं भोक एका ओळीत पडत नाही, एका स्तंभातही नाही. ते तिरपं पडतं, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्यापर्यंत. यादीत दिसले ५६, ५६, ४३, १४. भागाकार करून आले ५६, ६२, ५७, ३५.

ही ओळ पुन्हा वाचा. एकटा शेवटचा आकडा आपटला असता तर मी थांबले असते, कारण साथ एका आठवड्यात अशी कोसळत नाही. पण मागचे तिन्ही आकडे थोडेथोडे खाली ओढले गेले होते, म्हणून उतार गुळगुळीत दिसला. दोन आठवड्यांपूर्वी शिखर, मग उतरण. वर पाऊसही त्या सुमारास ओसरलेला, म्हणजे कारणही हाताशी. चुकीच्या वक्राला कारण सापडलं की मग त्याला कुणी हात लावत नाही.

साप्ताहिक पत्रकात "कल घटता" असं गेलं. ते मी लिहिलं. त्यावरून कंटेनर (पाणी साठणारी पिंपं-भांडी) तपासणीची दोन पथकं शेजारच्या प्रभागात हलली, जिथे आकडे वर जाताना दिसत होते. पुढच्या पंधरवड्यात रखडलेले फॉर्म पोर्टलवर चढले आणि ओळ हळूहळू ६०, ७०, ८०, ९० झाली. रुग्णालयातल्या खाटा त्याच्या आधीच भरल्या होत्या.

माझा बचाव असा, आणि तो खोटा नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. त्या डासाने रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या लाळेत उतरायला आठ ते बारा दिवस. तो निरोगी माणसाला चावल्यापासून ताप यायला बहुधा चार ते सात. म्हणजे आज पिंपातल्या अळ्या ओतून दिल्या तर टळतो तो तीन-चार आठवड्यांनंतरचा ताप. त्या पंधरवड्यातल्या खाटा पथकं हलवल्यामुळे भरल्या नाहीत, भरूच शकत नव्हत्या. बैठकीत मी हे बोर्डावर लिहून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

याच गणिताचं पुढचं वाक्य मात्र मी लिहिलं नाही: मग तीन-चार आठवड्यांनंतर जे ताप आले, त्यांचं काय? ते किती जास्त आले, हे मोजता येत नाही. पथकं हलली नसती तर काय झालं असतं, ते बघायला तसाच दुसरा प्रभाग नाही. मोजता येत नाही याचा अर्थ ते शून्य होते असा नाही. तेव्हा मी तो तसा घेतला होता, कारण सोयीचा होता.

"मग सुट्ट्यांचा रकाना घाला की मॉडेलमध्ये," हे आता कुणीही सांगतं. त्या वेळची मीही हेच म्हणाले होते, आणि घातलाही. पण गणपती तिथीने येतात, कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यात. कधी सोमवारी, कधी शनिवारी. कुणाचे दीड दिवसांचे, कुणाचे पाच, कुणी अनंत चतुर्दशीपर्यंत गावी. पोर्टलवरच्या वापरण्याजोग्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वर्षांच्या, म्हणजे गणपतीही तेवढेच. एवढ्यावरून सुट्टीचा परिणाम काढला की पट्टा इतका रुंद होतो की "वाढेल किंवा कमी होईल" एवढंच उरतं. शिवाय सुट्टीनंतरच्या आठवड्यात साठलेले फॉर्म एकदम चढतात, तेव्हा नसलेली लाट दिसते. दोन्हीकडून मार.

पट्ट्यावरून आठवलं. "४० ते १३०" असं सांगितलं की लोकांना वाटतं ही बाई हात झटकतेय. ८० टक्क्यांचा पट्टा म्हणजे वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी दहा-अकरा वेळा खरा आकडा त्याच्या बाहेर पडायलाच हवा. एकदाही पडला नाही तर आमचा पट्टा उगाच ऐसपैस आहे. पंचवीस वेळा पडला तर आम्ही नको तेवढे शहाणे. हे तपासायची रीत आहे, आणि ती रोज मान खाली घालायला लावते: प्रत्येक अंदाजाची तुलना "गेल्या आठवड्याइतकेच" या बिनडोक अंदाजाशी करायची. एका आठवड्याच्या पल्ल्यावर या बिनडोक भिडूला हरवणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. चार आठवड्यांवर जमतं. त्यापुढे डेंग्यूचा अंदाज हा पावसाच्या अंदाजावर टेकलेला असतो, आणि पाऊसही सरळ नाही. रिमझिम डासाला मानवते, धो-धो पडला तर अळ्या वाहून जातात.

बरं, दर लाखामागे किती, हे काढायला लोकसंख्या लागते. शेवटची पक्की जनगणना २०११ ची: ठाणे शहर १८ लाखांच्या पुढे, नवी मुंबई ११ लाखांच्या. त्यानंतर घोडबंदर रोडला किती टॉवर उभे राहिले ते खिडकीतून मोजा. भाजक जुना, म्हणून दर फुगलेला. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांचीच रड आहे.

वक्राच्या मोहाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तो मोह आमच्या विषयाला जन्मापासून आहे, आणि आपल्याच शेजारी जडला. साथींच्या गणिताचा पाया मानला जातो तो केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा निबंध. त्यात सिद्धांत तपासायला घेतलेले आकडे मुंबईचे आहेत: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. वक्र त्यावर इतका देखणा बसतो की पहिल्यांदा बघताना माझा विश्वासच बसला होता, म्हणजे मॉडेलवर. पण गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो आणि मुंबईत तो ऋतूप्रमाणे चढ-उतार करत होता. वक्राच्या समीकरणात माणसं होती, उंदीर-पिसवांचं वेगळं गणित नव्हतं. आकार बरोबर, कारण चूक. मॅकेंड्रिकनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत नोकरी केलेली, त्यांना उंदीर माहीत नव्हते असं नाही, आणि निबंधातच सोप्या गृहीतकांबद्दल सावधगिरीचा सूर आहे. आम्ही शिकताना तो सूर वगळून चित्र तेवढं उचललं.

"मग तुमचा उपयोग काय?" हे पुढचं विचारणं. कधी कधी मलाही उत्तर सुचत नाही. कधी वाटतं, कच्ची यादी बघून दर आठवड्याला "उतरली" म्हणणाऱ्यांना थोपवलं तरी पगार वसूल. मग तो गणपतीचा आठवडा आठवतो, जेव्हा कच्ची यादी आणि आमचं मॉडेल दोघंही एकाच आवाजात "उतरली" म्हणत होते, आणि वॉर्डातली एखादी सिस्टर दोन खाटांच्या मधून चालत दोघांनाही खोटं पाडू शकली असती. तिला कुणी फोन केला नव्हता.

आता सोमवारी मी एक फोन करते. नोंद करणाऱ्या ताईंना विचारते, "टेबलावर किती फॉर्म पडलेत?" त्या गठ्ठा बोटाने चाचपून सांगतात: तीस असतील, पन्नास असतील, आज जरा उंच दिसतोय. आमच्या गटातल्या एकांचं म्हणणं, हा आकडा मॉडेलमध्ये घालायचा नाही, कारण तो कुणी मोजलेला नाही आणि ताई रजेवर गेल्या तर मिळणारही नाही. बरोबर आहे त्यांचं. माझं म्हणणं, सुट्टीच्या रकान्यापेक्षा तो गठ्ठा जास्त सांगतो. तेही बरोबर आहे. म्हणून सध्या तो पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात, कुठल्याच सूत्राला न जोडलेला, नुसता लिहिलेला असतो. या सोमवारी तिथे "साठेक, रबरबँड तुटलं" असं आहे.